थेट व्हिडिओचे थ्रेड कुठे तोडायचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

थेट व्हिडिओ घेऊन पुढे पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या थ्रेडच्या (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या कामाच्या धारांच्या) फेरमांडणीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी 'किती थ्रेड ठेवू?' असे विचारले आहे. त्याआधी ठरवायचे ते हे, की फ्रेम कुठे थांबते, किती वेळ थांबू द्यायची, आणि जागा संपली की काय टाकून द्यायचे. एवढे ठरले की थ्रेडची संख्या बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

प्रश्न : आमचा प्रोग्राम चार आयपी कॅमेऱ्यांचे आरटीएसपी (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ मागवण्याची पद्धत) प्रवाह घेतो, डीकोड करतो (दाबलेला व्हिडिओ उलगडतो), चित्रावर वेळ आणि जागेचे नाव छापतो, पुन्हा एच.२६४ मध्ये एन्कोड करून (दाबून) पुढे पाठवतो. १०८० पी, सेकंदाला २५ फ्रेम. सगळे एकाच लूपमध्ये चालते. एक कॅमेरा असला की ठीक. चार लावले की दर काही सेकंदांनी चित्राचा खालचा भाग करडा पडतो. आठ कोअरचा सीपीयू मात्र ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. लूप कुठे तोडावा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करडा भाग म्हणजे हरवलेली पॅकेट. तुमचा लूप एन्कोडरमध्ये अडकलेला असताना सॉकेट (नेटवर्कवरून डेटा येण्याचे दार) कोणीच वाचत नाही. लिनक्सवर यूडीपी (हरवलेले पॅकेट पुन्हा न पाठवणारी पद्धत) सॉकेटचा बफर सहसा २,१२,९९२ बाइटचा असतो, आणि त्यात कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक पॅकेटमागे स्वतःचा खर्चही धरतो. म्हणजे प्रत्यक्ष डेटासाठी जागा त्याहून कमी. कीफ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम) आली की शंभर-दोनशे किलोबाइट एकदम येऊन आदळतात. बफर भरला की पुढची पॅकेट कर्नल गुपचूप टाकून देतो, आणि पुढची कीफ्रेम येईपर्यंत चित्र बिघडलेलेच राहते. खात्री करून घ्या: '/प्रॉक/नेट/यूडीपी' या फाइलमधल्या शेवटच्या स्तंभात प्रत्येक सॉकेटची टाकलेली पॅकेट मोजलेली असतात. करडे चित्र दिसताना तो आकडा वाढत असेल, तर निदान पक्के. (कॅमेरा टीसीपीवरून पाठवत असेल तर पॅकेट हरवत नाहीत, कॅमेऱ्याकडेच तुंबत जातात. मग तुटलेल्या चित्राऐवजी उत्तरोत्तर उशिरा येणारे चित्र दिसते.)

हिशेब साधा आहे. २५ फ्रेमला प्रत्येक फ्रेममागे ४० मिलिसेकंद मिळतात. समजा डीकोडला ४, छपाईला २ आणि एन्कोडला १२ मिलिसेकंद लागतात. एका कॅमेऱ्याचे १८, चारांचे ७२. एका लूपमध्ये हे बसणार नाही, सीपीयू कितीही मोकळा दिसो. एक लूप एका वेळी एकाच कोअरवर असतो. बाकीची हालचाल तुम्हाला दिसते ती एन्कोडरच्या आतल्या थ्रेडची.

पहिला तोड सॉकेटपाशी. वाचणारा थ्रेड फक्त तीन कामे करील: पॅकेट उचलणे, आल्याची वेळ नोंदवणे, क्यूमध्ये (पुढच्या थ्रेडसाठीच्या रांगेत) टाकणे. डीकोड नाही, फाइलमध्ये लॉग लिहिणे नाही, ज्या लॉकवर (सामाईक डेटा एका वेळी एकालाच हाताळू देणारे कुलूप) दुसरा कोणी बराच वेळ बसू शकतो ते लॉक घेणे नाही. ईपोल (अनेक सॉकेटवर एकत्र लक्ष ठेवायची लिनक्सची सोय) वापरला तर चारही कॅमेऱ्यांना असा एकच थ्रेड पुरतो. सोबत सॉकेटचा बफर २ ते ४ मेगाबाइट करा. पण आधी कर्नलची 'आरमेम मॅक्स' ही कमाल मर्यादा वाढवा, नाहीतर तुमची मागणी कसलीही तक्रार न करता छाटली जाते आणि बफर वाढला असा गैरसमज होतो.

दुसरा तोड पाठवण्यापाशी. पलीकडचा सर्व्हर किंवा वाटेतले नेटवर्क मंदावले की पाठवणारे फंक्शन थांबून राहते. ते थांबले म्हणून एन्कोडर थांबता कामा नये.

तिसरा तोड एन्कोडरच्या आधी, कारण सर्वांत जड आणि सर्वांत अनियमित काम तेच. शांत दृश्याला ८ मिलिसेकंद घेणारा एन्कोडर गर्दीच्या दृश्याला २५ घेऊ शकतो.

म्हणजे वाचणारा १, प्रत्येक कॅमेऱ्याला डीकोड आणि छपाई मिळून १, प्रत्येकाला एन्कोडचा १, पाठवणारा १: एकूण १०. डीकोड आणि छपाई वेगळी करू नका. रंगबदलाला एक थ्रेड, छपाईला एक, आकार बदलायला एक अशी विभागणी कागदावर सुबक दिसते, पण प्रत्येक हस्तांतराला एका थ्रेडला जागे करावे लागते आणि कॅशमधली (कोअरजवळच्या जलद स्मृतीतली) गरम फ्रेम दुसऱ्या कोअरवर थंड होऊन पोचते. १०८० पी ची ४:२:० (रंगाचा तपशील कमी ठेवणारी) फ्रेम ३१,१०,४०० बाइटची असते. चार कॅमेरे, २५ फ्रेम, म्हणजे तिची एक जादा प्रत काढायचा खर्च सेकंदाला ३११ मेगाबाइट. क्यूमधून फ्रेमचा संदर्भ पाठवा, फ्रेम नाही.

एक धोका इथेच सांगतो. डीकोडरने दिलेली फ्रेम पुष्कळदा त्यालाही पुढच्या फ्रेमसाठी हवी असते. तुम्ही थेट तिच्यावर वेळ छापली तर ते आकडे पुढच्या फ्रेमवर ओघळत जातात, आणि बिघाड डीकोडरचा आहे असे वाटून लोक भलतीकडे शोधत बसतात. लिब-एव्हीकोडेक (एफएफएमपेग या मुक्त व्हिडिओ सॉफ्टवेअरची डीकोड-एन्कोडची लायब्ररी) वापरत असाल तर छापण्यापूर्वी 'एव्ही फ्रेम मेक रायटेबल' हे फंक्शन बोलवा. इथे एक प्रत निघते. ती आवश्यकच आहे, वाचवू नका.

तिन्ही तोड एकाच दिवशी घालू नका. वाचणारा थ्रेड वेगळा करा, एक पूर्ण दिवस चालवा, टाकलेल्या पॅकेटचा आकडा शून्यावर आला का बघा. मग पाठवणारा. एन्कोडर शेवटी.

प्रश्न : थ्रेड वेगळे केले, पण आता विलंब हळूहळू वाढतो, तासाभराने चित्र आठ-दहा सेकंद मागे असते. क्यूची लांबी किती ठेवावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या क्यूला बहुधा मर्यादाच घातलेली नाही. वापरणारा थ्रेड सरासरीने किंचित हळू असला तरी अमर्याद क्यू वाढतच जातो, आणि थेट प्रसारणात साचलेली फ्रेम म्हणजे विलंब. मर्यादा हवीच. पण तिन्ही क्यूंना एकच नियम लावलात तर फसाल, कारण प्रत्येकात वेगळी वस्तू आहे.

डीकोडर आणि एन्कोडर यांच्यामधल्या क्यूत उलगडलेल्या फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, कुठलीही टाकली तरी बाकीच्यांचे बिघडत नाही. इथे २ किंवा ३ फ्रेम एवढीच जागा ठेवा आणि भरला की सर्वांत जुनी टाका. '३० असू द्या, हाताशी असलेल्या बऱ्या' असा विचार मोह पाडतो. त्या ३० फ्रेम म्हणजे कॅमेऱ्यामागे ९३ मेगाबाइट आणि २५ च्या गतीला १.२ सेकंदांचा विलंब. फ्रेम टाकल्यावर उरलेल्यांचे वेळशिक्के मात्र तसेच राहू द्या. त्यांना १, २, ३ असे नव्याने क्रमांक दिलेत तर आवाज आणि चित्र दर टाकलेल्या फ्रेममागे ४० मिलिसेकंदांनी फाकत जातील.

डीकोडरच्या आधीचा आणि एन्कोडरच्या नंतरचा, या दोन क्यूंत दाबलेला डेटा असतो. तिथे एखादे पॅकेट काढून टाकणे म्हणजे साखळीतली कडी काढणे: पुढची प्रत्येक पी फ्रेम (आधीच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा नोंदवणारी) तिच्यावर टेकलेली असते. म्हणून मर्यादा ओलांडली की पुढच्या कीफ्रेमपर्यंतचे सगळे टाका, मग तिथून सुरू करा. पाठवण्याच्या क्यूत सुमारे अर्धा सेकंद साचला की एन्कोडरला लगेच कीफ्रेम काढायला सांगा. दर दोन सेकंदांनी येणाऱ्या कीफ्रेमची वाट पाहिलीत तर प्रेक्षकाचे चित्र तेवढा वेळ गोठते. आणि हे वारंवार होत असेल तर दोष क्यूचा नाही, बिटरेटचा आहे. क्यू अर्धा भरला असतानाच बिटरेट खाली आणणे हा खरा उपाय. टाकून देणे ही शेवटची पायरी.

जीस्ट्रीमर (घटक जोडून व्हिडिओची साखळी बांधणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी: 'क्यू' या घटकाची मुळातली मर्यादा २०० बफर, १० मेगाबाइट किंवा १ सेकंद अशी आहे, जी आधी गाठली जाईल ती लागू. उलगडलेल्या १०८० पी फ्रेमना १० मेगाबाइट तीन-चार फ्रेममध्येच संपतात, म्हणून '२०० बफरची जागा असूनही भरतो कसा' हा प्रश्न नेहमी येतो. भरल्यावर तो मागच्याला थांबवतो. 'लीकी' हा गुणधर्म 'डाउनस्ट्रीम' केला की जुने टाकून नवे घेतो. तो एन्कोडरच्या आधी लावा. एन्कोडरनंतर लावलेला लीकी क्यू चित्र फाडतो, आणि ही चूक फार सर्रास दिसते. शिवाय 'टी' या, एका प्रवाहाच्या फांद्या करणाऱ्या घटकानंतरच्या प्रत्येक फांदीला स्वतःचा क्यू हवाच, नाहीतर एक फांदी दुसरीची वाट पाहत राहते आणि सगळेच थांबते.

प्रश्न : डीकोडरचे थ्रेड १ वरून ८ केले तर विलंब कमी होण्याऐवजी वाढला. असे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एफएफएमपेगच्या डीकोडरमध्ये दोन पद्धती आहेत. फ्रेमवार पद्धतीत आठ थ्रेड आठ वेगवेगळ्या फ्रेमवर एकाच वेळी काम करतात. त्यासाठी आधी आठ फ्रेम हातात याव्या लागतात. परिणामी ७ फ्रेमचा जादा विलंब, २५ च्या गतीला २८० मिलिसेकंद. फाइल रूपांतरित करताना हे कोणाला कळतही नाही, थेट प्रसारणात मात्र जाणवते. स्लाइसवार पद्धतीत एकाच फ्रेमचे तुकडे वाटले जातात, त्यात हा विलंब नाही. पण त्यासाठी मुळात कॅमेऱ्याने फ्रेम अनेक स्लाइसमध्ये पाठवायला हवी, आणि बरेच कॅमेरे एकच स्लाइस पाठवतात. तुमच्या बाबतीत डीकोडरला १ थ्रेड ठेवणेच बरे. आजच्या एका कोअरला १०८० पी, २५ फ्रेम डीकोड करणे जड नाही.

एन्कोडरकडेही बघा. एक्स२६४ (एच.२६४ चा एन्कोडर) चा 'व्हेरीफास्ट' प्रिसेट १० फ्रेम पुढे बघून निर्णय घेतो, 'मीडियम' ४० फ्रेम. म्हणजे अनुक्रमे ०.४ आणि १.६ सेकंद. 'झिरोलेटन्सी' ट्यून लावले की हे पुढे बघणे शून्यावर येते, बी फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवर टेकणाऱ्या) बंद होतात आणि थ्रेड फ्रेमवारऐवजी स्लाइसवार चालतात. तेवढ्याच बिटरेटला दर्जा थोडा उतरतो, तो मान्य करावा लागतो. ते ट्यून न लावता थ्रेडची संख्या एक्स२६४ वर सोडली तर तो कोअरच्या दीडपट थ्रेड काढतो: आठ कोअरला १२, चार एन्कोडर मिळून ४८. संख्या स्वतः ठरवा. चार प्रवाह आणि आठ कोअर असतील तर प्रत्येकी २ पासून सुरुवात करा.

प्रश्न : एफएफएमपेग ७.० बहुथ्रेडी झाल्याचे वाचले. आमचा प्रोग्राम त्याच्याच लायब्ररीवर आहे. नुसती आवृत्ती बदलली तर फेरमांडणीचे काम वाचेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : वाचणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ७.० मधला तो बदल 'एफएफएमपेग' या आज्ञेच्या प्रोग्राममध्ये आहे, लायब्ररीत नाही. कोडेकच्या आत अनेक थ्रेड पूर्वीपासून होते. पण डीमक्सर (चित्र-आवाज वेगळे काढणारा), डीकोडर, फिल्टर, एन्कोडर, मक्सर (ते पुन्हा एकत्र बांधणारा) हे टप्पे एकमेकांची पाळी येण्याची वाट पाहत चालत. ७.० पासून ते समांतर चालतात. लायब्ररी वापरणाऱ्याने आपले थ्रेड आपणच मांडायचे असतात, आणि एकच कोडेक कॉन्टेक्स्ट (एका डीकोडर किंवा एन्कोडरची चालू स्थिती) एका वेळी दोन थ्रेडनी हाताळायचा नाही, हा नियमही तसाच आहे.

तरी त्या कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. एफएफएमपेगचे विकासक अँटन खिर्नोव्ह यांनी ते टप्प्याटप्प्याने केले. फेब्रुवारी २०२३ च्या ६.० मध्ये आधी फक्त मक्सर वेगळ्या थ्रेडवर गेले; उरलेले डिसेंबर २०२३ मध्ये मुख्य शाखेत मिसळले. मधल्या काळात एकमेकांत गुंतलेली माहिती सोडवून प्रत्येक टप्प्याची ज्याची त्याला देण्याचे काम झाले. थ्रेड सुरू करणे त्यामानाने सोपे; कोणता डेटा कोणाचा हे वेगळे करणे हेच खरे काम. शिवाय त्यात एक नियोजकही आहे, जो फार पुढे पळणाऱ्या स्रोताला रोखतो, म्हणजे मागे पडलेल्या प्रवाहासाठी बाकीचे स्मृतीत साचत नाहीत. तुमच्याकडे अनेक स्रोत एका आउटपुटमध्ये जुळत असतील तर अशी काही सोय तुम्हालाही लागेल.

आणि अपेक्षा बेताची ठेवा. एकच स्रोत, एकच जड एन्कोडर असेल तर साखळीची गती त्या एन्कोडरइतकीच राहणार.

प्रश्न : 'थांबवा' दाबले की प्रोग्राम कधी कधी लटकतो. जबरदस्तीने मारावा लागतो आणि मुद्रित (रेकॉर्ड केलेली) फाइल उघडत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फाइल उघडत नाही कारण एमपी४ चा शेवटचा भाग लिहिलाच गेला नाही. लटकण्याची कारणे साधारण ठरलेली असतात.

एक : वापरणारा थ्रेड आधी थांबवला, क्यू भरला, आणि भरणारा थ्रेड जागेची वाट पाहत कायमचा बसला. थांबवण्याचा क्रम नेहमी उगमापासून: वाचणारा, मग डीकोडर (त्याला रिकामे पॅकेट देऊन आतल्या फ्रेम काढून घ्या), मग एन्कोडर तसाच रिकामा करा, मग पाठवणारा आणि लिहिणारा, आणि सर्वांत शेवटी फाइलचा शेवट.

दोन : 'थांब' हा ध्वज क्यूचे लॉक न घेता बदलला. थ्रेडने ध्वज तपासला, तो झोपायला निघाला, त्या क्षणी तुम्ही ध्वज बदलून हाक मारली. हाक वाया गेली आणि थ्रेड झोपला. ध्वज त्याच लॉकखाली बदला आणि एकाला नाही, सगळ्यांना जागे करा. जाग आल्यावर अट पुन्हा तपासायला 'इफ' नको, 'व्हाइल' हवे, कारण कोणी हाक न मारताही जाग येऊ शकते.

तीन : वाचणारा थ्रेड नेटवर्कवर अडकला आहे, कॅमेऱ्याची वायर निघालेली आहे. लिब-एव्हीफॉरमॅटला (एफएफएमपेगच्या प्रवाह वाचणाऱ्या लायब्ररीला) 'इंटरप्ट कॉलबॅक', म्हणजे थांबायचे का हे विचारायला तिने बोलवायचे तुमचे फंक्शन, द्या आणि त्यात ध्वज तपासा. सोबत वेळेची मर्यादाही ठेवा. थ्रेड बाहेरून मारून टाकू नका, त्याच्या हातातले लॉक त्याच्याबरोबर जाते.

चार : मुख्य थ्रेड लॉक धरूनच दुसऱ्याच्या संपण्याची वाट पाहतो, आणि त्या दुसऱ्याला संपण्यासाठी तेच लॉक हवे असते.

लटकलेल्या स्थितीत जीडीबी (चुका शोधायचे साधन) जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा द्या. कोण कशावर बसला आहे हे दोन मिनिटांत दिसते. त्यासाठी थ्रेडना नावे हवीत. लिनक्स १५ अक्षरे देतो, 'एन्कोड-३' एवढे पुरते.

प्रश्न : सगळ्या थ्रेडना रिअल-टाइम प्राधान्य दिले तर अडखळणे थांबेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सगळ्यांना अजिबात देऊ नका. एन्कोडरला 'फिफो' (लिनक्सचे एक रिअल-टाइम) प्राधान्य दिले की तो आपल्याच वाचणाऱ्या थ्रेडला कोअर मिळू देत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत असे थ्रेड दर सेकंदाचे ०.९५ सेकंद खाऊ शकतात, उरलेल्यांना ०.०५. द्यायचेच तर ध्वनी घेणाऱ्या आणि सॉकेट वाचणाऱ्या थ्रेडला द्या, कारण त्यांचे काम थोडे आणि वेळेवरचे. आणि त्यांचे लॉक साध्या प्राधान्याच्या थ्रेडबरोबर सामाईक असेल तर त्या लॉकला (म्यूटेक्सला) प्राधान्य-वारसा (लॉक धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे प्राधान्य तात्पुरते देणारी सोय) लावा, नाहीतर मधल्या प्राधान्याचा तिसराच कोणी दोघांना अडवून बसेल.

विंडोजवर अडखळणे असेल तर आधी घड्याळ तपासा: तिथल्या टाइमरचा मूळ ठोका १५.६ मिलिसेकंदांचा आहे, म्हणून '१० मिलिसेकंद झोप' हवी तेवढी येत नाही. मुळात झोपून गती राखू नका. क्यूवर किंवा कॅमेऱ्याच्या फ्रेमवर थांबा.

प्रश्न : फेरमांडणी बरोबर झाली हे कसे तपासायचे? टेबलावर सगळे चालते, प्रत्यक्ष जागी बिघडते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सरासरी बघणे सोडा. प्रत्येक फ्रेमबरोबर पाच क्षणांची वेळ नोंदवा: सॉकेटवर आली, डीकोड झाली, एन्कोडरला मिळाली, एन्कोडमधून निघाली, पाठवली. घड्याळ एकसुरी पुढे जाणारे वापरा. संगणकाचे तारीख-वेळेचे घड्याळ वेळ-सर्व्हर मागेपुढे सरकवतो. मग ९९ व्या शतमानाचा आकडा (शंभरातल्या ९९ फ्रेम ज्याच्या आत बसतात तो) बघा. सरासरी १५ आणि ९९ वे शतमान ९० मिलिसेकंद असेल तर प्रेक्षकाला सरासरीने चार सेकंदांतून एकदा अडखळणे दिसू शकते, कारण सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने चौथ्या सेकंदाला शंभरावी फ्रेम येतेच; शिवाय वाईट फ्रेम सहसा एकेकट्या येत नाहीत, गटाने येतात.

दोन थ्रेड एकाच जागी लिहितात का हे शोधायला थ्रेड सॅनिटायझर (अशा चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून प्रोग्राम कंपाइल करा. प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो आणि स्मृती ५ ते १० पट लागते, म्हणून थेट कॅमेऱ्यावर नाही, मुद्रित प्रवाह कमी गतीने सोडून चालवा. एकही इशारा 'निरुपद्रवी' म्हणून सोडू नका.

त्यानंतर मुद्दाम बिघाड करा. एका वेळी एकाच थ्रेडमध्ये दर १० सेकंदांनी २०० मिलिसेकंदांची झोप घाला. डीकोडरमध्ये घातली तर वाचणाऱ्याची टाकलेली पॅकेट शून्यच राहायला हवीत. पाठवणाऱ्यात घातली तर एन्कोडरच्या आधीचा क्यू हलता कामा नये. डिस्कवर लिहिणाऱ्यात घातली तर थेट चित्रावर काहीच परिणाम दिसू नये आणि फाइलमधली एकही फ्रेम जाऊ नये. मुद्रणाच्या फांदीचा क्यू त्यासाठी मोठा ठेवलेला असतो, त्यातून टाकून द्यायचे नसते. यापैकी कुठे आकडा हलला तर त्या दोन थ्रेडमध्ये अजून एखादे सामाईक लॉक आहे. बहुतेक वेळा ते लॉग लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये सापडते.